कार्ड देव्हाऱ्यात आहे

खांब, ता. रोहा
२३ जून २०२५

काशीबाई विहीणबाई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, असं तुमच्या जावयाचं म्हणणं आहे. निकेश माझा मुलगा असला तरी एवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. तुमच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती उचलायला अय्यूबचा टेम्पो आठवड्यातून दोनदा जोह्याला येतो आणि जाता-येता आमच्या नाक्यावर चहाला थांबतो. पत्र त्याच्या हाती देते, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

काम एका ओळीचं आहे. आपला नातू दादूस वीस तारखेला नऊ महिन्यांचा झाला. नऊ महिने भरले की गोवराची सुई. त्याचं लसीचं कार्ड तुमच्याकडे आहे. मृणालीचं बाळंतपण माहेरी झालं, साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या सुया तिकडेच झाल्या, ते तुम्ही नीट केलंत, मी नाही म्हणत नाही. पण फेब्रुवारीत मायलेकरं इकडे आली तेव्हा पाळणा आला, दुपटी आली, गुटी उगाळायची सहाण आली, कार्ड तेवढं आलं नाही. दोनदा फोनवर मागितलं. एकदा तुम्ही म्हणालात, "बघते." दुसऱ्यांदा म्हणालात, "रंग वाळतोय." कार्डाचा आणि रंगाचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

मी दहा वर्षं ग्रामपंचायतीत होते. अडवलेला कागद कसा सोडवून घ्यायचा ते मला येतं. विहिणीवर ते करायची वेळ आणू नका. कार्ड पाठवा.

गिरजाबाई


जोहे, ता. पेण
२६ जून २०२५

गिरजाबाई,

तुमचा नमस्कार पोचला. माझाही घ्या. घ्यायचा नसला तरी घ्या, दिलेली वस्तू परत आणायला मी टेम्पो पाठवत नाही.

पाळण्याचं नाव निघालं ते बरं झालं. फेब्रुवारीत तो तुमच्या ओटीवर उतरवला तेव्हा तुम्ही त्याच्यावर बोटाने टकटक केलंत आणि वाडीतल्या पाच बायकांसमोर म्हणालात, "प्लाय हाय गो, लाकूड नाय." मी तिथेच उभी होते. मूर्तीच्या पोटावर टकटक करून ती कुठे कच्ची राहिली ते सांगणारी मी बाई आहे, मला टकटक कळते. त्या प्लायच्या पाळण्यात तुमचा नातू पाच महिने झोपतोय. पडला का एकदा तरी?

आता कार्ड. कार्ड देव्हाऱ्यात आहे, हळदीकुंकवाच्या तबकाखाली, आणि ते एकटं येणार नाही. मृणालीला आणि दादूसला इकडे पाठवा. इथली सिस्टर त्याला जन्मापासून ओळखते. तो तिच्या अंगावर दोनदा मुतलाय, म्हणजे ओळख पक्की. सुई तीच देईल. आठ दिवस राहतील आणि कार्डासकट परत येतील. सुनेला माहेरी धाडताना तुमच्या घरातलं काय जातं, ते मला लिहून कळवा.

काशीबाई


खांब
३० जून २०२५

काशीबाई,

काय जातं ते लिहून कळवते. सून जाते. ती तुमच्या कारखान्यात सकाळी सातला मांडी घालून बसते आणि गणपती गेल्याशिवाय उठत नाही.

मला तुम्ही भोळी समजलात काय? गणेशोत्सवाला दोन महिने राहिले आहेत. अय्यूब सांगतो, साडेतीनशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या आहेत आणि डोळ्यांची आखणी करणारा तुमचा माणूस गुडघा धरून घरी बसलाय. मृणालीचा हात डोळ्यांवर कसा चालतो ते मलाही माहीत आहे. म्हणून तुम्हाला नातवाच्या सुईचा एवढा उमाळा आलाय. मी तिला सरळ विचारलं, "तुला जायचंय का?" भाकरी थापता थापता ती म्हणाली, "सुई तिकडंच देऊ ना, आई. कार्डही तिकडंच हाय. आठ दिवसांत शंभर जोड्या होतील." बघा. तोंडात सुई आणि पोटात डोळे. आईवर गेली आहे.

आणि देव्हाऱ्याचं काय ते नाटक? तुमच्या देवांना दादूसच्या सुया वाचायची हौसच असेल, तर त्यांना झेरॉक्स काढून द्या आणि असल कार्ड मला पाठवा.

अय्यूबची आई हमिदा सत्तराव्या वर्षी मक्केला निघाली. जायच्या आधी मेंदूज्वराची सुई घेतली, दाखला पिशवीत टाकला आणि विमानात बसली. तिच्या विहिणीने तो दाखला अडवला नाही. सत्तर वर्षांच्या बाईचं जमतं आणि नऊ महिन्यांच्या पोराचं जमत नाही, ही आपल्या दोन घरांची कर्तबगारी.

कार्ड पाठवा.

गिरजाबाई


जोहे
३ जुलै २०२५

गिरजाबाई,

हो, हवी आहे मला माझी मुलगी. लपवत नाही. इकडे सगळे मला विचारतात, "काशीबाय, डोले कवा?" गिऱ्हाईक मूर्तीचं पोट बघत नाही, सोंड बघत नाही, आधी डोळ्यांत बघतं. मृणालीच्या हातची मूर्ती माणसाकडे बघते. बाकीच्यांच्या मूर्ती भिंतीकडे बघतात. तिलाही ते काम आवडतं. तुमच्याकडे ती डोळे कुठे काढणार, भाकरीवर?

तरी एक सांगते. कार्ड नसलं तरी सुई देतात, असं इथली सिस्टर परवा सहज बोलली. तुमच्या उपकेंद्रात एकदा विचारून बघा. तसंच जाऊन या, कार्डाचं मागाहून बघू.

पण तुम्ही कशा जाल? बारशाला आलात तेव्हा आमच्या ओटीवर उभ्या राहून तुम्हीच बायकांना सांगत होतात, "लसीच्या दिवशी मी दारात खुर्ची टाकून बसते. कार्ड विसरून आलेल्या बाईला परत धाडते. त्याशिवाय शिस्त लागत नाही." घुगऱ्या खात खात सगळ्यांनी ऐकलं. आता त्या खुर्चीपुढून बिनकार्डाचं पोर घेऊन जायचं म्हणजे जड आहे खरं.

काशीबाई


खांब
८ जुलै २०२५, सकाळ

काशीबाई,

आज भांडण नाही.

आमच्या मागच्या घरातल्या चार वर्षांच्या पोराला गोवर निघाला आहे. चार दिवस ताप होता, डोळे लाल होते, आज पहाटे कानामागून पुरळ उतरला. परवा संध्याकाळी दादूस त्याच्या मांडीवर होता.

तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. फोनवर मला ती बोलता येणार नाही, म्हणून आजही लिहितेच आहे. निकेशच्या आधी मला मुलगी झाली होती. सगुणा. दीड वर्षाची असताना तिला गोवर झाला. अंगावरचा गेला आणि छातीत उतरला. नवव्या दिवशी ती गेली. सुई तेव्हाही होती. पाऊण तास चालत गेलं की मिळत होती. लावणी चालू होती, मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ.

ग्रामपंचायतीत दहा वर्षं मी जे ओरडले ते त्या एका महिन्यावर ओरडले. लोकांना वाटलं, भाषण आहे.

मृणालीला यातलं काही माहीत नाही. निकेशला बहीण होती एवढंच माहीत आहे, कशाने गेली ते नाही.

अय्यूब आत्ता माल भरायला तुमच्याकडे निघाला आहे, उद्या सकाळी परत येईल. कार्ड त्याच्या हाती द्या. पाळण्याबद्दल बोलले ते मागे घेते. मृणालीला पाहिजे तेवढे दिवस ठेवून घ्या. फक्त कार्ड द्या.

गिरजाबाई


जोहे
९ जुलै २०२५, सकाळी सहा

गिरजाबाई,

कार्ड देव्हाऱ्यात नाही. देव्हाऱ्यात ते कधीच नव्हतं.

आमच्याकडे आता कागदाच्या लगद्याच्या मूर्तींना मागणी आहे. मार्चमध्ये रद्दी भिजत घातली. कार्ड जुन्या पेपरांच्या पिशवीत होतं, मीच ठेवलं होतं, हाताशी असावं म्हणून. पिशवी मीच पिंपात उपडी केली. जूनमध्ये तुम्ही मागितलं तेव्हा शोधलं आणि मग आठवलं. तोवर लगदा साच्यात जाऊन, वाळून, रंगून झाला होता. तुमच्या नातवाच्या साडेतीन महिन्यांच्या सगळ्या सुया कुठल्यातरी गणपतीच्या अंगात गेल्या आहेत. कुठल्या, ते सांगता येत नाही. त्या गणपतीला पोलिओ होणार नाही, एवढं सांगता येतं.

हे तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुमच्यासमोर तर जास्तच. मग मृणालीला पाठवा, मग देईन, असा हट्ट धरला. वाटलं, पोर इकडे आली की सिस्टरकडून गुपचूप दुसरं कार्ड करून घेईन आणि तुम्हाला कधी कळणार नाही. सगुणाचं वाचून तो हट्ट सोडला.

आत्ताच मृणालीला फोन केला. सांगितलं, "कार्डाची वाट बघू नको गो. माझ्याकडं नाय. पोराला उचल नि सरकारी दवाखान्यात जा." सगुणाचं काही बोलले नाही, ते तुमचं आहे.

माझ्यावर ओरडायचं ते नंतर ओरडा. आधी चपला घाला.

काशीबाई


खांब
१२ जुलै २०२५

काशीबाई,

ओरडायला आज वेळ मिळाला, पण आता ओरडायला घसा नाही. का ते वाचा.

बुधवारी तुमचं पत्र घेऊन अय्यूब दारात आला तेव्हा मृणाली घरात नव्हती. निकेश पहाटेची शिफ्ट सोडून घरी थांबला होता. अय्यूब यायच्या जरा आधी ती दादूसला पोटाशी बांधून त्याच्या बाईकवर बसली आणि मला एवढंच म्हणाली, "कार्ड कुठंच नाय हाय. मी चालले." मला विचारलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तुमचं पत्र उघडलं, पिंपापर्यंत वाचत आले आणि फोन वाजला.

आरोग्य केंद्रातली नमिता सिस्टर. म्हणाली, "मावशी, आज लसीचा दिवस नाय. तुमच्या नातवासाठी बाटली उघडते. पण एका बाटलीत पाच डोस असतात आणि उघडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. एक तुमच्या पोराला. उरलेल्या चारांसाठी पोरं आणा. राहिलेल्या पोरांची यादी माझ्याकडं हाय, आणि सगळी तुमच्याच वाडीची हायेत."

मी अय्यूबला म्हटलं, "टेम्पो फिरव." तो म्हणाला, "बाय, आत अठरा गणपती हायेत. सोंड तुटली तर काशीबाय मना सोडनार नाय." मी म्हटलं, "सांग, विहिणीने तोडली. तिला लगेच पटेल."

मग मी घरोघर गेले. पहिल्या घरात सांगितलं, मागच्या घरी गोवर आहे. दुसऱ्या घरात सासू म्हणाली, सुईने ताप येतो. मी म्हटलं, येतो, दोन दिवस राहतो आणि जातो, माझ्याकडे न गेलेला एक ताप आहे, तो दाखवू? ती पोराला टोपडं घालायला लागली. तिसऱ्या घरातल्या बाईने मला बोलूच दिलं नाही. पोर आणि दुधाची बाटली घेऊन ती आधीच अंगणात उभी होती. तीन आया, तीन पोरं आणि अठरा गणपती असे आम्ही निघालो. एका पोराने वाटेत एका मूर्तीचं पाऊल चाटलं. रंग कच्चा असेल तर कळवा.

चौथं घर धोंडुबाईंचं. नात चौदा महिन्यांची. त्यांनी मला खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. दारापलीकडून म्हणाल्या, "आमच्याकडं कार्ड नाय. जा."

तुम्ही तीन तारखेला माझ्या खुर्चीवर जे लिहिलंत ते मला झोंबलं होतं. आता तुम्हाला कळू दे का झोंबलं. ग्रामपंचायत सुटली तरी माझी खुर्ची सुटली नव्हती. गेल्या वर्षी धोंडुबाईंची सून तान्ही पोर घेऊन उन्हातून सुईला आली. कार्ड घरी राहिलं होतं. मी तिला सगळ्यांदेखत दारातून परत पाठवलं आणि पाठोपाठ शिस्तीवर दहा मिनिटं बोलले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती पुन्हा कधी आली नाही. आमची सिस्टर त्या दिवशी आत पोरांना सुया देत होती, तिला पत्ताही नव्हता. बुधवारी कळलं तेव्हा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

कारण कार्ड लागतच नाही. दादूसच्या सगळ्या सुयांची नोंद तिच्या मोबाइलात होती. पाच मिनिटांत नवं कार्ड लिहून दिलं. म्हणजे आपण दोघी तीन आठवडे ज्या कागदासाठी भांडलो, त्याचं सरकारला काही पडलेलं नव्हतं. तुम्ही निदान त्याचा गणपती केलात. मी त्याचा नियम केला.

दादूसला सुई मिळाली. इतका रडला की आवारातली कुत्री उठून गेली. पाचवा डोस सिस्टरने माझ्यासमोर फेकून दिला.

ती म्हणाली, गोवराच्या पोराजवळ गेल्याला तीन दिवस व्हायच्या आत सुई पडली की बरंच वाचतं, पण छातीठोक सांगता येत नाही. दोन-तीन आठवडे नजर ठेवा. मी रोज सकाळी त्याच्या कानामागे बघते. त्याला वाटतं मी खेळतेय, तो हसतो.

गिरजाबाई


जोहे
१६ जुलै २०२५

गिरजाबाई,

पायाचा रंग पोटात गेला तरी काही होत नाही, जीभ दोन दिवस लाल राहते. त्याच्या आईने ती बघून गोवर समजला नसेल म्हणजे झालं.

मी रोज फोन करते. मृणाली म्हणते, "बरा हाय." नसला तरी ती मला "बरा हाय"च सांगेल, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही खोटं बोलत नाही, हा तुमचा दोष मला आता उपयोगी आहे.

तिला पाठवा म्हणून मी आता म्हणणार नाही. पोर तुमच्या नजरेसमोर राहू दे. डोळे मी स्वतः काढते आहे. रेघ वाकडी जाते. वीस मूर्ती झाल्या, वीसही माझ्याकडे संशयाने बघतात.

तुमच्या खुर्चीचं वाचलं. तेव्हा मी टोमणा मारला होता, आता मारवत नाही. पिंपात पिशवी उपडी करणारीने कुणाला हसावं?

सगुणाचं मृणालीला सांगा. तुम्ही कशावर ओरडता ते तिला कळू दे. तिला वाटतं, तिच्यावर ओरडता.

काशीबाई


खांब
२७ जुलै २०२५

काशीबाई,

काल नमिता सिस्टर घरी येऊन दादूसला उलटापालटा करून बघून गेली. गोवर नाही. आता येणारही नाही म्हणाली.

मध्ये तुम्हाला कळवलं नाही ते आता कळवते. सतरा तारखेला त्याला ताप चढला. अंग तव्यासारखं, डोळे पाणावलेले, मांडीवरून उतरेना. मी कानामागे बघितलं आणि मला काही दिसेचना, डोळ्यांपुढे अंधारी आली. मृणाली म्हणाली, "आई, आधी तुम्ही बसा." तिने सिस्टरला फोन केला. सिस्टर म्हणाली, हा सुईचाच ताप असेल, आठ-दहा दिवसांनी असा येतो, पाणी पाजा, औषध द्या, उतरला नाही तर आणा. दोन दिवस राहिला आणि गेला.

त्या दोन दिवसांत मी तिला सगुणाचं सांगितलं. तिने दादूसचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी दादूसचं काय केलेलं तुम्हाला पटतच नाय." तुमचं बरोबर होतं. दुसऱ्यांदा असं लिहायची वेळ येऊ देणार नाही.

मागच्या घरातला पोर अलिबागला दवाखान्यात होता, आठ दिवस ऑक्सिजनवर. परवा घरी आणलाय. हात काडीसारखे झालेत, पण जेवतो.

मृणाली आणि दादूस बुधवारी अय्यूबबरोबर येतील. परत कधी पाठवायचे ते विचारत नाही. त्या संशयी मूर्तींचं काय ते ती बघेल.

आता माझं काम. सहा ऑगस्टला, बुधवारी, आमच्याकडे लसीचा दिवस आहे. धोंडुबाईंच्या नातीला अजून सुई नाही. मी तीनदा गेले. माझा आवाज ऐकला की दार लागतं. नमिता सिस्टरही जाऊन आली, तर सून आतून म्हणाली, "त्या बाईनं पाठवलंय ना तुम्हाला?" चार घरं पलीकडे गोवर येऊन गेलाय आणि ती पोर रोज अंगणात खेळते. मी माझ्या ओटीवरून बघते.

तुम्ही या. हंगामाचे दिवस आहेत, एक दिवस मोडणं तुम्हाला परवडत नाही, मला माहीत आहे, तरी या. तुमच्या पिंपाचं आणि पिशवीचं त्यांना सांगा. कार्डाचा लगदा करणारी बाई त्यांना माझ्यापेक्षा जवळची वाटेल. दार तुम्ही ठोकायचं, बोलायचं तुम्ही. मी तुमच्या मागे उभी राहीन आणि तोंड उघडणार नाही. ती सून बाहेर आली आणि तुम्ही मान हलवलीत, तर मी एकच वाक्य बोलेन. "त्या दिवशी माझं चुकलं, पोरी." हे वाक्य मी आजवर कुठल्या सभेत बोललेले नाही, म्हणून चार दिवस चुलीपाशी बसून पाठ करते आहे. चुलीपाशी जमतं. दारात जमेल का, ते सहा तारखेला कळेल. सकाळी नवाच्या आत या.

गिरजाबाई